थकलेल्या पगाराची गावे: पोलंड-लिथुआनियातील तातार मुसलमानांच्या मुलखात

पोलंडच्या ईशान्य टोकाला, बेलारूसच्या सीमेपासून काही किलोमीटरांवर, क्रुशिनियानी नावाचे एक खेडे आहे. तिथे हिरव्या रंगाची एक लाकडी मशीद उभी आहे. ती तिथे कशी आली, हे समजून घ्यायचे तर एका थकलेल्या पगारापासून सुरुवात करावी लागते. सतराव्या शतकात पोलंड आणि लिथुआनिया यांचे संयुक्त राज्य होते आणि त्या राज्याच्या फौजेत तातार मुसलमानांची घोडदळाची पथके होती. लढाया एकीमागून एक चालू होत्या, तिजोरीत खडखडाट होता आणि शिपायांचा पगार वर्षानुवर्षे तुंबलेला होता. अखेर राजा यान सोबिएस्की तिसरा याने मार्च १६७९मध्ये ग्रोदनो येथून सनद काढून रोख रकमेऐवजी राजघराण्याच्या खासगीतल्या जमिनी या तातारांना तोडून दिल्या. क्रुशिनियानी हे गाव समुएल मुर्झा क्शेचोव्स्की या सरदाराच्या वाट्याला आले आणि बोहोनिकी व आसपासची गावे इतरांच्या. सरंजाम हा शब्द ज्यांच्या कानावर आहे, त्यांना हा व्यवहार अधिक उलगडून सांगण्याची गरज नाही.

गावात मात्र वेगळीच कथा ऐकायला मिळते. तुर्कांविरुद्धच्या पार्कानीच्या लढाईत क्शेचोव्स्कीने राजाचा जीव वाचवला आणि त्याची जाण ठेवून राजाने हे गाव त्याला बक्षीस दिले, असे मशीद दाखवणारे गृहस्थ मोठ्या रंगतीने सांगतात. कथा सुरेख आहे, पण पार्कानीची लढाई झाली १६८३च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे सनद निघाल्यानंतर चार वर्षांनी. मी हे हळूच बोलून दाखवले, तेव्हा त्यांनी हसून मान डोलावली आणि पुढच्या घोळक्याला तीच कथा तितक्याच उत्साहाने सांगितली. मला त्यात काही वावगे वाटले नाही. उपकाराची फेड ही कथा यजमान आणि आश्रित या दोघांनाही मानवते. थकबाकीची वसुली कोणालाच फारशी शोभत नाही. या प्रदेशातील तातारांची वारसास्थळे पाहताना मला जे सतत जाणवत राहिले ते हेच, की हा वारसा उदारतेपेक्षा कराराने टिकवला आहे.

नोकरीच्या निमित्ताने वॉर्सात राहू लागल्यापासून पोदलाशे या ईशान्येकडील प्रांताबद्दल मी ऐकत आले होते. ब्याविस्तोक हे तिथले मुख्य शहर. तिथून क्रुशिनियानीला जाणारी बस क्वचितच मिळते, म्हणून गाडी भाड्याने घेणे बरे. वाटेत पाइनची जंगले, बटाट्याची शेते आणि कांद्याच्या आकाराचे घुमट मिरवणारी ऑर्थोडॉक्स चर्चे लागतात. त्यामुळे मशीद समोर येते तेव्हा पहिल्या नजरेत तीही एखादे चर्चच वाटते. दर्शनी बाजूला दोन चौकोनी मनोरे, त्यांवर छोटे घुमट, उतरते छप्पर आणि आडव्या फळ्यांच्या भिंती, असे सगळे या भागातील कॅथलिक लाकडी चर्चांच्या वळणाचे आहे. मनोऱ्यांच्या टोकावर क्रूस नसून चंद्रकोर आहे, एवढाच ढोबळ फरक. इमारत साधारण दोनशे वर्षांची आहे. ती बांधणाऱ्या सुतारांना जी घडण येत होती तिच्यातच त्यांनी मशीद घडवली. अरबी किंवा तुर्की नमुना डोळ्यांसमोर असण्याचे कारणच नव्हते.

आत मात्र शंका उरत नाही. बूट काढून आत गेले की पायांखाली एकावर एक पसरलेले गालिचे लागतात, त्यांत जुन्या विणीचे आहेत तसे दुकानातून आणलेलेही आहेत. दक्षिणेच्या भिंतीत मिहराब, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा, त्याच्या उजव्या हाताला मिंबर, म्हणजे प्रवचनासाठीचे पायऱ्यांचे लाकडी व्यासपीठ, आणि भिंतींवर चौकटीत बसवलेल्या मुहिरी. मुहीर म्हणजे कुराणातील वचने किंवा मक्का-मदिनेची चित्रे असलेला फलक. काही कापडावर भरतकामाने केलेले, तर काही काचेखाली रंगवलेले. स्त्रियांसाठी वेगळे दार आणि वेगळी खोली आहे. दोन्ही खोल्यांमधील लाकडी भिंतीत बसल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर एक लांबट आडवी फट ठेवली असून तिच्यावर पातळ पांढरा पडदा आहे. मी त्या खोलीत भिंतीला टेकून बसले. पडद्यातून मिंबराच्या पायऱ्या तेवढ्या दिसत होत्या आणि पलीकडचे बोलणे स्पष्ट ऐकू येत होते. फळ्यांना पाइनच्या लाकडाचा वास अजून येतो. थंडीच्या दिवसांत एवढ्या दाटीवाटीच्या खोलीत ऊब लवकर धरत असावी, असा एक गृहिणीचा विचारही मनात येऊन गेला.

या लोकांची इथली मुळे सोबिएस्कीपेक्षा बरीच जुनी आहेत. चौदाव्या शतकाच्या अखेरीस लिथुआनियाचा राज्यकर्ता, ग्रँड ड्यूक वितौतस, याने सोनेरी टोळीच्या, म्हणजे पूर्वेकडील मंगोल-तातार खानांच्या राज्याच्या, प्रदेशातून आलेल्या तातारांना विल्नियस, त्राकाय आणि ग्रोदनो यांच्या परिसरात वसवले. सत्तासंघर्षात हरलेल्या तोख्तामिश खानाने त्याच्याकडे आश्रय घेतला होता. त्याला गादी परत मिळवून देण्याच्या नादात १३९९मध्ये व्होर्स्क्ला नदीकाठी वितौतसचा दणदणीत पराभव झाला, तरी तातारांशी जुळलेले नाते तुटले नाही. १५ जुलै १४१० रोजी ग्रुनवाल्डच्या रणांगणावर ट्युटॉनिक सरदारांचा, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाचा, पाडाव करणाऱ्या फौजेत तोख्तामिशचा मुलगा जलालुद्दीन आपले घोडदळ घेऊन उतरला होता. लिथुआनियाला तेव्हा ख्रिस्ती होऊन जेमतेम वीस-पंचवीस वर्षे झाली होती. युरोपातला सर्वात उशिरा ख्रिस्ती झालेला राजवंश मुसलमान घोडेस्वारांना सोबत घेऊन ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांशी लढतो आहे, हे चित्र शाळेतल्या इतिहासात कुठे बसवावे, असा प्रश्न पडतो.

जमिनीच्या मोबदल्यात लष्करी चाकरी, आणि चाकरीच्या मोबदल्यात धर्म पाळण्याची मुभा, असा हा सौदा होता. आलेल्यांमध्ये पुरुष जास्त होते. त्यांनी स्थानिक मुलींशी लग्ने केली आणि काही पिढ्यांत तातारी भाषा घरातून नाहीशी झाली. पुढच्या पिढ्या बेलारूसी आणि पोलिश बोलू लागल्या. मात्र धर्मग्रंथांची लिपी त्यांनी सोडली नाही. त्यांच्या हस्तलिखितांमध्ये भाषा बेलारूसी किंवा पोलिश आणि अक्षरे अरबी असतात. स्लाव्ह भाषांतले जे उच्चार अरबीत नाहीत त्यांच्यासाठी अक्षरांना जादा टिंबे देऊन नवी चिन्हे घडवलेली आहेत. कथा, उपदेश आणि विधी सांगणाऱ्या जाड पोथीला किताब म्हणतात, खिशात मावणाऱ्या प्रार्थनापुस्तकाला हमाइल, आणि कुराणाच्या मूळ ओळींखाली तिरक्या अक्षरांत पोलिश अर्थ लिहिलेल्या ग्रंथाला तफसीर. अरबी न समजणाऱ्या माणसांनी आपला धर्म शेकडो वर्षे कसा पुढे नेला, याचा सर्वात भक्कम पुरावा मला या पोथ्यांतच दिसतो. मशिदी जळाल्या, कुजल्या आणि पुन्हा बांधल्या गेल्या. पोथ्या मात्र नकलून नकलून पुढे जात राहिल्या.

पर्यटनाच्या पत्रकांत या भूमीचा उल्लेख सहिष्णुतेचा स्वर्ग असा येतो. मला तो शब्द सैल वाटतो. १६०९मध्ये त्राकाय येथील मशीद जमावाने पाडली. १६१६च्या कायद्याने तातारांना ख्रिस्ती स्त्रियांशी लग्न करण्यास आणि ख्रिस्ती नोकर ठेवण्यास बंदी घातली. १६७२मध्ये तर पगार थकल्यामुळे आणि जुने हक्क आक्रसत चालल्यामुळे तातार पथकांतील बऱ्याच जणांनी बंड केले आणि ते थेट उस्मानी तुर्कांना जाऊन मिळाले. १६७९ची सनद या पार्श्वभूमीवर वाचली की तिचा खरा अर्थ कळतो: गेलेले घोडेस्वार परत हवे होते. ते आले आणि १६८३मध्ये व्हिएन्नाच्या वेढ्यात सोबिएस्कीच्या बाजूने लढलेही. समोर तुर्कांच्या बाजूने क्रिमियाचे तातार होते, तेव्हा आपला कोण आणि परका कोण हे ओळखता यावे म्हणून यांनी शिरस्त्राणांत गवताच्या काड्या खोवल्या होत्या, असे सांगतात. हे सारे लक्षात घेऊनही एक गोष्ट मान्य करावी लागते, की त्याच शतकात युरोपाच्या दुसऱ्या टोकाला, स्पेनमध्ये, मोरिस्कोंना, म्हणजे ख्रिस्ती करून घेतलेल्या मुसलमानांच्या वंशजांना, देशाबाहेर हाकलून दिले जात होते. कराराने मिळालेली सुरक्षितता उदात्त नसेल, पण ती टिकली.

मशिदीच्या मागच्या बाजूला, थोडी वाट चालून गेल्यावर, टेकाडावरच्या झाडीत दफनभूमी आहे. तिला इकडे मिझार म्हणतात. इथली वाचता येण्याजोगी सर्वात जुनी शिळा १६९९ची आहे. जुन्या कबरींवर शेतातले ओबडधोबड दगड आहेत, डोक्याशी मोठा आणि पायाशी लहान, आणि अनेकांवर इतके शेवाळ चढले आहे की अक्षरे बोटांनी चाचपावी लागतात. वर अरबीत कलमा, त्याखाली चंद्रकोर, मग नाव. रशियन साम्राज्याच्या काळातल्या शिळांवर नाव रशियन लिपीत येते आणि नंतरच्या शिळांवर पोलिशमध्ये. अगदी अलीकडच्या काळ्या चकचकीत ग्रॅनाइटवर तर मृताचे छायाचित्रही असते, जे कडक विचारांच्या मुसलमानाला मुळीच पटणार नाही. आडनावे वाचताना गंमत वाटते: अहमतोविच, सेलिमोविच, असानोविच. पूर्वी मृताबरोबर कबरीत दलावर ठेवत, म्हणजे दुवा आणि आयती लिहिलेली कागदाची कित्येक हात लांब गुंडाळी. तिच्यासाठी हाताने लिहिणारा जाणकार लागे.

अशाच आडनावांपैकी सुलकेविच हे पोलंडच्या स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात येते. अलेक्सांदर सुलकेविच हा मुसलमान तातार रशियन राजवटीत जकात खात्यात नोकरीला होता आणि त्या नोकरीच्या आडून बंदी घातलेले साहित्य सीमेपलीकडून आत आणत असे. पोलिश समाजवादी पक्षाच्या आरंभीच्या नेत्यांपैकी तो एक आणि पुढे स्वतंत्र पोलंडचा प्रमुख झालेल्या युझेफ पिउसुद्स्कीचा जवळचा सहकारी. १९१६मध्ये तो लढाईत मारला गेला. पुढे स्वतंत्र पोलंडने १९२५मध्ये, तेव्हा पोलंडमध्ये असलेल्या विल्नियस येथे, मुसलमानांची अधिकृत धार्मिक संघटना आणि मुफ्तीपद मान्य केले, १९३६मध्ये त्यासाठी वेगळा कायदा केला आणि विल्नियसच्या तेराव्या घोडदळ रेजिमेंटमध्ये तातारांचे स्वतंत्र पथकही ठेवले. १९३९च्या युद्धात ते पथक शेवटचे लढले.

त्यानंतर सीमाच सरकल्या. युद्धापूर्वी पोलंडमध्ये सुमारे साडेपाच हजार तातार मुसलमान होते. १९४५नंतर त्यांच्या बहुतेक मशिदी सोव्हिएत लिथुआनिया आणि बेलारूसमध्ये गेल्या आणि पोलंडच्या हद्दीत क्रुशिनियानी आणि बोहोनिकी या दोनच जुन्या लाकडी मशिदी राहिल्या. ज्या पूर्व पोलंडमधून सोव्हिएत राजवटीने १९४०-४१मध्ये लाखो लोकांना सैबेरियाकडे नेले, तोच हा पट्टा. त्यांतलेच सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित पुढे कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले, हे कोल्हापूरकरांना ठाऊकच आहे. पोलंडमध्ये राहू इच्छिणारे तातार पश्चिमेकडच्या, जर्मनांनी रिकाम्या केलेल्या शहरांत गेले. ग्दान्स्कमध्ये त्यांनी आणि नव्याने आलेल्या मुसलमानांनी मिळून १९९०मध्ये मिनारासह विटांची मशीद पुरी केली. कित्येक कुटुंबे नंतर ब्याविस्तोकला परतली, कारण तिथून जुनी गावे जवळ होती. २०११च्या जनगणनेत पोलंडमध्ये १,९१६ जणांनी स्वतःची नोंद तातार अशी केली.

सीमेपलीकडचा भाग पाहिल्याशिवाय हा विषय अर्धाच राहतो, म्हणून लिथुआनियाला गेले. विल्नियसपासून फार दूर नसलेल्या एका खेड्याचे नावच ‘चाळीस तातार’ आहे. एका तातार सरदाराला चार बायका आणि प्रत्येकीपासून दहा मुलगे झाले, अशी त्याची दंतकथा. तिथली मशीद १८१५ची, नेपोलियनच्या स्वारीत आधीची नष्ट झाल्यावर बांधलेली. पत्र्याच्या छपरावरचा छोटा मनोरा आणि चंद्रकोर वगळली तर ते एखाद्या बऱ्यापैकी शेतकऱ्याचे घर वाटावे, आणि कबरी थेट अंगणापासून सुरू होतात. अलीतुस भागातील राइझ्यायची मशीद १८८९ची आहे. सोव्हिएत काळात संपूर्ण लिथुआनियात हीच एक मशीद चालू होती. आत सतराव्या शतकातला लाकडी मिंबर आहे आणि बाहेर ग्रुनवाल्डच्या सहाशेव्या वर्षी, २०१०मध्ये, उभारलेले वितौतसचे स्मारक. ख्रिस्ती राजाचे स्मारक मशिदीच्या आवारात असावे आणि ते तातारांनी स्वतः उभारावे, याचे मला नवल वाटले नाही. करारातला दुसरा पक्ष तोच होता. कौनस येथील विटांची पांढरी मशीद तर वितौतसच्याच नावाने ओळखली जाते. त्याच्या मृत्यूला पाचशे वर्षे झाल्याच्या निमित्ताने ती बांधली आणि १९३३मध्ये पुरी झाली. विल्नियसची हकिगत मात्र खेदाची आहे. तिथल्या लुकिश्केस भागातील जुनी लाकडी मशीद सोव्हिएत राजवटीने १९६८मध्ये पाडली. जुन्या शहरात तोतोर्यू, म्हणजे तातारांची, गल्ली आहे. तिच्यात आता कॉफीची दुकाने आहेत. बेलारूसमधील इव्ये, नोवोग्रुदक आणि स्लोनिमच्या मशिदी मला पाहता आल्या नाहीत, कारण २०२१नंतर सीमेवरची नाकी एकामागून एक बंद होत गेली.

जेवणाबद्दल लिहिले नाही तर मराठी घरात कोणी माफ करणार नाही. प्येरेकाचेव्हनिक हा या लोकांचा मानाचा पदार्थ. मैद्याच्या कणकेचे सहा गोळे कागदासारखे पातळ लाटायचे, प्रत्येक पोळीला वितळलेले लोणी लावून एकावर एक ठेवायच्या, वर बारीक चिरलेल्या मांसाचे किंवा गोड पनीर आणि मनुकांचे सारण पसरायचे, सगळ्याची लांब वळकटी करायची आणि ती गोगलगायीच्या शंखासारखी गोल वळवून भांड्यात बसवून दोनेक तास भाजायची. तयार पदार्थ तीन किलोंच्या घरात भरतो. क्रुशिनियानीच्या एका स्वयंपाकघरात मला तो करताना पाहायला मिळाला. लाटणारी बाई पोळी मनगटांवर उचलून धरत होती आणि तिच्यातून टेबलावरचे फुलाफुलांचे कापड दिसत होते. एक पोळी फाटली तर ती ठिगळ न लावता आतल्या थरात सरकवून मोकळी झाली. युरोपीय संघाने २००९मध्ये या पदार्थाला पारंपरिक वैशिष्ट्याची अधिकृत नोंद दिली आहे. गावातले तातार जेवणाचे प्रसिद्ध उपाहारगृह २०१८मध्ये जळाले आणि लोकांच्या मदतीने पुन्हा उभे राहिले.

बोहोनिकी हे सोकूवका शहराजवळचे दुसरे गाव. तिथली मशीद क्रुशिनियानीपेक्षा लहान आणि साधी, न रंगवलेल्या लाकडाची, एकाच छोट्या घुमटाची आहे. पण गावाबाहेरचा मिझार मोठा असून देशभरातले तातार अजूनही आपली माणसे इथे आणून पुरतात. नोव्हेंबर २०२१मध्ये या मिझारकडे साऱ्या युरोपाचे लक्ष गेले. बेलारूसच्या बाजूने पोलंडमध्ये शिरू पाहणारे पश्चिम आशियातील निर्वासित जंगलात अडकून पडले होते आणि काही थंडीने, काही नदीत बुडून दगावले. बूग नदीत बुडालेल्या एकोणीस वर्षांच्या सीरियन तरुणाचा दफनविधी १५ नोव्हेंबर रोजी बोहोनिकीच्या तातारांनी केला. दूरदेशीच्या कुटुंबाला तो फोनवरून दाखवण्यात आला. पुढच्या आठवड्यात जन्मापूर्वीच दगावलेल्या एका बाळालाही त्यांनी इथेच मूठमाती दिली. त्याच दिवसांत याच गावातील लोक सीमेवर पहारा देणाऱ्या पोलिश सैनिकांसाठी गरम सूपची पातेली चढवत होते. काही वार्ताहरांना यात विसंगती दिसली. मला दिसली नाही. सहाशे वर्षे या देशाच्या फौजेत चाकरी केलेल्या घराण्यांना सैनिक आपला वाटतो आणि मेलेला मुसलमानही आपलाच.

याचा अर्थ सगळे आलबेल आहे असे नव्हे. जून २०१४मध्ये क्रुशिनियानीच्या मशिदीवर कोणी डुकराचे चित्र रंगवले आणि मिझारमधील कबरीही विद्रूप केल्या. गावातील तातार घरे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. रमझान बायराम आणि कुर्बान बायरामला ब्याविस्तोकहून गाड्या येतात, नमाजानंतर मिठाई आणि फळे वाटली जातात आणि संध्याकाळी गाव पुन्हा रिकामे होते. शिवाय पोलंडमधील मुसलमानांमध्ये तातार आता अल्पसंख्य आहेत. अरब, चेचेन, तुर्की आणि आपल्याकडचे विद्यार्थी व कामगार यांची संख्या त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक आहे, आणि कबरीवरचे छायाचित्र, मुहिरी, दलावर, लग्नातले मद्य अशा गोष्टींवरून नव्याने आलेले त्यांना अधूनमधून धर्म शिकवू पाहतात. ब्याविस्तोकमध्ये मी एका तातार आजींना याबद्दल विचारले. त्या म्हणाल्या, “ते शिकवतात, आम्ही ऐकून घेतो. शुक्रवारी इमाम आमचाच असतो.”